मल्लेशमची लखी

तुराब मास्टर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मी भूगोल. दोन्ही तासांना मुलं सारखाच गोंधळ घालायची, त्यावरूनच आमची दोस्ती जमली असावी. मास्टर गेले त्याला आता बराच काळ झाला. त्यांच्याबद्दल कुणीतरी चार ओळी लिहील असं वाटत होतं. कुणी लिहिल्या नाहीत. मला लिहायची सवय नाही, आणि मास्टरांना हे आवडलं असतं की नाही तेही सांगता येत नाही. पण जे झालं त्यातलं बरंचसं माझ्यासमोर झालं, म्हणून सांगतो.

त्यांचं पूर्ण नाव सय्यद तुराब अली. उंच, किरकोळ, मानेत थोडे वाकलेले. घर पुरानी हवेलीच्या मागच्या गल्लीत. वाकडं काही दिसलं की त्यांना चैन पडत नसे. हॉटेलात भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर चहा तसाच ठेवून आधी ते सरळ करून यायचे. त्यांच्या बेगम, कनीज़ आपा, सगळ्यांसमोर सांगायच्या, "निकाहात आरशातून एकमेकांचं तोंड बघायची वेळ आली ना, तर या माणसाने आधी आरसा सरळ केला. मग माझ्याकडे बघितलं."

मास्टर गंभीरपणे म्हणायचे, "आरसा वाकडा होता, बेगम. तुम्ही वाकड्या दिसला असता."

हीच नजर त्यांनी नाण्यांना लावली होती. निजामाच्या चारमिनार छाप रुपयावर कमानीच्या मधोमध एक अक्षर असतं. सुरुवातीच्या नाण्यांत ते अपुरं उठलेलं आहे, नंतरच्यांत पुरतं. मला दोन्ही रुपये सारखेच दिसायचे. मास्टर मात्र हातभर अंतरावरून सांगायचे, हा आधीचा, हा नंतरचा. असले भेद आणि टांकसाळीत चुकून बिघडलेली नाणी, हाच त्यांचा षौक. सोन्याचांदीचा मोह त्यांना नव्हता.

दर रविवारी आम्ही आठदहा जण सुलतान बाजारात अस्थानाजींच्या चष्म्याच्या दुकानात जमायचो. रविवारी बाजार बंद, शटर अर्धं खाली ओढलेलं. त्याखालून वाकून आत शिरायचं. भिंग हवं तेवढं, उजेड भरपूर. अस्थानाजी अंगाने भरलेले आणि तोंडाने त्याहून. आत येणाऱ्या प्रत्येकाला ते काहीतरी चिकटवायचेच. मला म्हणायचे, "या भूगोल, वाट सापडली?"

आमच्या मंडळाचा एक रिवाज होता. बिघडलेली म्हणून जी नाणी येतात त्यांतली निम्मीअर्धी लोकांनी घरी बिघडवलेली असतात. कुणी दोन नाणी शिकंज्यात धरून दाबतो, कुणी कडा ठोकतो, कुणी कानशीने घासतो. अशा नाण्याने पुन्हा कुणाला फसवू नये म्हणून त्यावर छिन्नीचा घाव घालायचा आणि ते कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. घाव ज्याने नाणं आणलं त्यानेच घालायचा. जुने सराफ खोट्या नाण्याला असंच करायचे म्हणे. खरं की घरचं, हा निकाल तुराब मास्टरांचा. त्यांच्या शब्दावर कुणी कधी बोललं नाही, कारण ते कधी चुकलेच नव्हते.

मल्लेशम या मंडळात आला तो बसचा कंडक्टर म्हणून. खाकी कपड्यातच यायचा, सकाळची ड्यूटी संपवून. दिवसभर हातातून नाणी जातात, त्यातलं जे वेगळं वाटेल ते स्वतःच्या खिशातून बदलून घ्यायचा आणि रुमालाच्या गाठीत बांधून आणायचा. पहिल्या दिवशी तो दाराशीच उभा राहिला. अस्थानाजी म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका! आत जागा आहे!" सगळे हसले, तोही हसला, आणि त्यानंतर तो आमचा झाला. मास्टरांना तो फार आवडायचा. त्याला चांदणीच्या टोकांतला फरक दिसायचा. आमच्या हैद्राबादच्या टांकसाळीची खूण म्हणजे सालाखालची चांदणी, आणि तिचेही प्रकार असतात. मास्टर म्हणायचे, "माझ्या वर्गातून इतकी पोरं गेली, उमरीकर, एकालाही ही नजर नव्हती. आणि हा तिकिटं फाडतोय."

मग तो रविवार आला.

मल्लेशमने त्या दिवशी गाठ सोडली नाही, नाणं मुठीतूनच काढून मास्टरांच्या तळहातावर ठेवलं. "मास्टरसाब, लखी आहे."

लखी म्हणजे काय ते सांगायला हवं. नाणं पाडताना कधी एखादं नाणं निसटून पडत नाही, एका ठशालाच चिकटून बसतं. त्याच्याखाली पुढची कोरी चकती येते. मग तिच्या एका बाजूला नेहमीचा छाप उठतो, आणि दुसऱ्या बाजूला, जिथे सिंह यायचे तिथे, त्या चिकटलेल्या नाण्याचाच छाप उठतो. उलटा आणि खोलगट, ओल्या मातीत बोट रुतावं तसा. त्याला लखी म्हणतात. अशी खरी लखी मंडळात तोवर दोघातिघांकडेच होती. मल्लेशमची होती ती स्टीलच्या रुपयाची.

मास्टरांनी भिंग लावलं. मग खिशातून मेणाचा गोळा काढून खोलगट बाजूवर दाबला आणि त्यावर उठलेला आकडा चित्रकलेच्या कर्कटकाने मोजू लागले. नवा रुपया घेतला, तोही मोजला. पुन्हा पहिला मोजला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मल्लेशम, हे कुठून आलं?"

"घरातल्या माणसाने दिलं."

अस्थानाजींनी विचारलं, "घरातला माणूस काय काम करतो?"

"लहान भाऊ आहे. लेथवर असतो, बालानगरला."

कुणीतरी 'अरे वा' म्हणालं. अस्थानाजी खो खो हसत म्हणाले, "मग तिकिटंही घरीच छापता काय रे?"

मास्टर हसले नाहीत. त्यांनी कर्कटक मिटलं. "छाप मोठा आहे," ते म्हणाले. "नाण्यावर जो आकडा असतो त्याच्यापेक्षा इथला मोठा आहे, आणि कडेला बाहेर गेलाय. खरी लखी असती तर दोन्ही तंतोतंत जुळले असते. टांकसाळीत नाणं वाढत नसतं. कुणीतरी हाताने ठसा कोरून मारलाय."

"मी नाही केलं, मास्टरसाब."

"तू नाही केलंस, मला ठाऊक आहे," मास्टर म्हणाले, आणि त्यांनी मल्लेशमच्या खांद्यावर हात ठेवला. मग सगळ्यांकडे वळून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "ऐका. याचा काही दोष नाही. याला त्याच्या माणसाने बनवलंय."

त्यांना त्याला वाचवायचं होतं. हे मी शपथेवर सांगू शकतो.

अस्थानाजींनी छिन्नी आणि हातोडी पुढे सरकवली. मल्लेशमने एकाच घावात काम केलं. नाणं डब्यात टाकलं, रुमाल खिशात घातला, शटरखालून वाकून बाहेर गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मास्टर काही दिवस "मल्लेशमची ड्यूटी बदलली वाटतं" असं म्हणायचे. मग तेही म्हणेनासे झाले.

त्यानंतर सात वर्षांनी सिकंदराबादला नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. आम्ही दोघंही तोवर निवृत्त. मास्टरांचे गुडघे दुखायचे, पण आले. विजयवाड्याच्या एका व्यापाऱ्याच्या काचेखाली तीन लख्या ओळीने मांडल्या होत्या. स्टीलचे रुपये, आमच्या टांकसाळीचे. मास्टर वाकून बघत राहिले ते इतका वेळ की मागच्या माणसाने त्यांना कोपराने ढोसलं.

"उमरीकर," ते हळूच म्हणाले, "हा छाप मोठा होत चाललाय."

मी बघितलं. पहिल्या लखीतला खोलगट आकडा नेहमीएवढा. दुसरीतला थोडा फुगलेला. तिसरीतला आणखी, आणि कडा पुसट.

व्यापारी खुशीत येऊन सांगू लागला. "एकाच ठशाच्या आहेत तिन्ही, साहेब. हे बघा, चांदणीच्या शेजारी ही बारीक उभारलेली रेघ. ठशाला तडा गेला होता, तो तिन्हींवर उतरलाय. एकामागोमाग एक पडल्यात. चिकटलेलं नाणं प्रत्येक ठोक्याला पसरतं ना, लाटण्याखाली पोळी पसरावी तसं. मग त्याच्यावरचा छापही पसरतो. माझ्याकडे पुढची नाही. चौथी मिळाली तर मी वाटेल ते द्यायला तयार आहे."

शेजारच्या खुर्चीवर कुणाची पिशवी होती, ती खाली ठेवून मास्टर बसले. मला वाटलं गुडघा धरला. पाणी आणलं तर ते ग्लास हातात धरूनच बसले.

"मी म्हणालो होतो, टांकसाळीत नाणं वाढत नसतं."

"कधी म्हणाला होतात?" मी विचारलं. खरंच माझ्या लक्षात नव्हतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ते लगेच आठवलं.

रविवारी मास्टर सगळ्यांच्या आधी दुकानात आले होते. मी पोचलो तेव्हा बिस्किटाचा डबा त्यांनी टेबलावर उलटा केला होता, आणि अस्थानाजी वैतागून बाजूला उभे होते. घाव घातलेल्या नाण्यांच्या ढिगातून मास्टरांनी ते काढलं. घाव आडवा, आकड्यावरून गेलेला. चांदणी मात्र शाबूत होती. भिंगाखाली चांदणीच्या शेजारी बारीक उभारलेली रेघ दिसत होती. तीच.

मंडळी जमल्यावर मास्टरांनी उभं राहून सांगितलं. त्यांना उभं राहून बोलताना मी शाळेतही फारसं पाहिलं नव्हतं. "मल्लेशमची लखी खरी होती. मी चुकलो. माझ्या सांगण्यावरून त्याने ती तोडली."

मग अस्थानाजी म्हणाले, "जाऊ द्या हो मास्टर. इतक्या वर्षांत एक चूक! कोण मल्लेशम, कुठे असेल, त्याला आठवतही नसेल."

"तुम्ही त्याला काय म्हणाला होतात, आठवतं?"

"मी? मी सगळ्यांनाच काही ना काही म्हणतो."

"तिकिटंही घरीच छापता काय, असं म्हणाला होतात."

अस्थानाजींनी नाणी परत डब्यात भरायला घेतली. एकेक करून भरू लागले. एरवी त्यांनी ओंजळीने भरली असती.

मल्लेशमचा पत्ता कुणाकडेच नव्हता. मास्टर मला घेऊन डेपोवर गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कुठला मल्लेशम? आमच्याकडे चार झाले. जाडा, वरंगळचा, युनियनवाला, की बोलत नाही तो?"

मास्टर म्हणाले, "आमचा तर बोलायचा. नाण्यांची हौस होती त्याला."

"नाण्यांची हौस?" तो माणूस आतल्या कुणाला तरी विचारून आला. "मग तो न बोलणारा असेल. आडनाव गुंडू. आधी होती म्हणे त्याला काहीतरी हौस. लवकर नोकरी सोडली त्याने. घाटकेसरला असतो."

बाहेर आल्यावर मास्टर म्हणाले, "आमच्याकडे बोलायचा, उमरीकर. बोलायचा ना?" मी हो म्हणालो.

घाटकेसरच्या बसमध्ये ते रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होते. मधेच मला विचारायचे, "'माफ कर' आधी म्हणू, की आधी कारण सांगू?" मला काय सांगावं कळेना. मी म्हणालो, आधी नाणं दाखवा.

घर साधंच, पुढे पत्र्याचा मांडव, त्यात चूल. मल्लेशमची बायको सत्तेम्मा ज्वारीच्या भाकरी थापत होती. मल्लेशम बाजेवर बसून शेंगा सोलत होता. केस पुरते पांढरे झालेले. त्याने आम्हाला लगेच ओळखलं, उठला, खुर्ची आणली, एकच होती ती मास्टरांना दिली आणि मला बाजेवर बसवलं.

मास्टरांनी नाणं काढून पुढे धरलं. "मल्लेशम, ही खरी आहे."

त्याने नाण्याकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

मास्टर सांगू लागले, पण शब्द अडखळायला लागले. शेवटी त्यांनी सत्तेम्माच्या हाताकडे बोट दाखवलं. "ती भाकरी बघ. थापताना मोठी होत जाते. तिच्यावर बोटाचा ठसा असेल तर तोही मोठा होतो. ठशाला चिकटलेला रुपया तसाच थापला गेला. मोठा झाला. म्हणून तुझ्या नाण्यावरचा छाप मोठा होता. मला हे माहीत नव्हतं. मी माहीत असल्यासारखं बोललो."

सत्तेम्माने भाकरी तव्यावर आपटली. "मग आता कळलं होय तुम्हाला?"

"सत्ते," मल्लेशम म्हणाला.

"का गप्प बसू? यांच्या त्या रविवारपायी घरातली सगळी नाणी गेली. डबाभर होती. रोज मूठभर न्यायचा आणि बसमधल्या लोकांना सुट्ट्यात देऊन यायचा. चारमिनारचा रुपया सुद्धा! मी म्हटलं, वेड लागलं काय, निदान वीक तरी. म्हणे, माझ्याकडची खरी कुठली नि खोटी कुठली, मलाच कळत नाही, विकू कशी."

मास्टर खुर्चीत आणखी खाली बसले. त्यांना वाटलं असावं, एवढंच. याहून वाईट काही नसेल. ते म्हणाले, "माझ्याकडे जेवढी आहेत तेवढी तू घे. सगळी. उद्याच आणून देतो."

"नाण्यांचं काही नाही, मास्टरसाब," मल्लेशम पहिल्यांदा नीट बोलला. शेंगांची टोपली त्याने बाजूला ठेवली. "नर्सिमलूचं काय करू?"

"कोण नर्सिमलू?"

"माझा भाऊ. त्यानेच दिली होती ती. कारखान्याच्या मेसमध्ये सुट्ट्यात आली होती म्हणाला. म्हणाला, अन्ना, तुझ्या मास्टरांना दाखव, बघ कसे खूश होतात." त्याने हातावरची टरफलं झटकली. "तुम्ही म्हणालात, याला त्याच्या माणसाने बनवलंय. मी तिथून सरळ बालानगरला गेलो, रविवारी त्याची जादा पाळी असायची. लेथच्या पुढे, सगळ्या कामगारांच्या देखत त्याच्या तोंडात मारली. तो शपथा घेत होता. मी म्हटलं, मास्टरसाब कधी चुकत नाहीत."

तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी सत्तेम्मा उठली नाही.

"तेव्हापासून नाही बोललो," मल्लेशम म्हणाला. "त्याने दोनदा माणूस पाठवला. मी दारातून परत पाठवला."

मास्टर बराच वेळ नाण्यावरचा घाव अंगठ्याने चाचपत होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना. मग ते उठले. "चल," म्हणाले. "मला त्याच्याकडे घेऊन चल. मी सांगतो."

"तुम्ही सांगून काय होणार?"

"काही होणार नाही. पण मी बोललो म्हणून तू मारलंस. तर मी समोर पाहिजे."

मल्लेशम सत्तेम्माकडे बघू लागला. तिने तवा उतरवला, आत गेली आणि त्याचा धुतलेला सदरा आणून त्याच्या अंगावर टाकला. "घाल," म्हणाली. "आणि या वेळी हात खिशात ठेव."

बालानगरला पोचेपर्यंत कारखाने सुटले होते. नर्सिमलूचं घर चाळीच्या टोकाला होतं. दार त्यानेच उघडलं. भावासारखाच चेहरा, पण खांदे रुंद, हातांना तेलाचा वास. भावाला पाहून त्याने दार मिटायला घेतलं. मग मागे आम्ही दोन म्हातारे दिसलो, म्हणून थांबला.

"मी तुराब अली," मास्टर म्हणाले. "तुमचं नाणं खोटं आहे असं मी सांगितलं होतं. ते खरं आहे. तुम्ही खरं बोलत होतात."

नर्सिमलूने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच ते मास्टरसाब काय? या, आत या." त्याने मास्टरांना हाताला धरून आत नेलं, मलाही बोलावलं. मल्लेशम उंबऱ्याबाहेरच राहिला. त्याला कुणी ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

नाणं त्याने दिव्याखाली नेलं, उलटंसुलटं केलं, खोलगट बाजूवरून नख फिरवलं. मग दाराकडे वळून भावाला म्हणाला, "हे मी कोरलं असं वाटलं तुला? कडा बघ. अक्षरं बघ, चिखलात पाय फिरवल्यासारखी. बावीस वर्षं लेथवर आहे मी. माझा हात इतका घाण आहे?"

मल्लेशम बाहेरून म्हणाला, "मास्टरसाब म्हणाले..."

"मास्टरसाब नाण्याबद्दल म्हणाले. माझ्याबद्दल त्यांना काय माहिती? ते मला ओळखत होते का? तू ओळखत होतास."

मास्टर मध्ये पडले, "नाही नाही, मीच म्हणालो होतो, याला त्याच्या माणसाने बनवलंय. ते शब्द माझे. त्याने जे केलं ते..."

"तुम्ही बसा, मास्टरसाब." तो रागावून बोलला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही आलात, कबूल केलंत, तेवढं कोण करतो? पण आता हे खरं निघालं म्हणून काय करायचं ते सांगा. या काळात माझ्या श्रीलताचं लग्न झालं. मोठा बाप, सख्खा चुलता, हयात असून मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकायला नव्हता. लोकांनी विचारलं, मी सांगितलं आजारी आहे. पोरगी रडली. नाणं खरं निघालं तर ते लग्न पुन्हा लागणार आहे का?"

बाहेर मल्लेशम पायरीवर खाली बसला आणि तोंडावर सदऱ्याची बाही धरून रडायला लागला, मोठ्या माणसाला रडताना येतो तसा अवघड आवाज काढत. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं.

नर्सिमलूची बायको आतून आली. तिने पाण्याचा तांब्या आधी पायरीवर नेऊन ठेवला, मग आमच्यापुढे. नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. नर्सिमलू दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता.

"आत ये," तो शेवटी म्हणाला. "लोक बघतायत."

मल्लेशम आत येऊन भिंतीला टेकून बसला. स्वयंपाकघरात अंबाडीची चटणी कुटल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने नर्सिमलूने कपाट उघडलं आणि कापडात गुंडाळलेला लग्नाचा अल्बम काढला. तो भावाशेजारी बसला, मध्ये हातभर जागा ठेवून, आणि अल्बम त्या जागेत उघडला.

"हा जावई. वीज मंडळात आहे. हे त्याचे वडील, ही आई. हा आपला सिद्दीपेटचा मामा, गेला मागच्या वर्षी." तो एकेक फोटोवर बोट ठेवत होता. मल्लेशम मान हलवत होता. एका फोटोत नवरानवरीच्या मागे सगळं घर उभं होतं. नर्सिमलू तिथे थांबला. "फोटोवाला म्हणाला सरकून घ्या, मध्ये मोकळं दिसतंय. मी म्हटलं, राहू दे."

मास्टर समोर खुर्चीवर होते. त्यांना अल्बम उलटा दिसत होता, आणि ते जमिनीकडे बघत होते.

नर्सिमलूने मान वर केली. "तुम्हीही या ना, मास्टरसाब. असे लांब का? बघा तुम्हीही."

मास्टर उठले. गुडघे वाकत नव्हते, मी हात दिला, तरी त्यांनी तो घेतला नाही. ते दोघा भावांच्या समोर जमिनीवर बसले, चष्मा काढून कुर्त्याला पुसला, पुन्हा घातला. अल्बम जाडजूड होता. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे फोटो होते, आणि नर्सिमलूने एकही पान गाळलं नाही. मास्टरांनी शेवटच्या फोटोपर्यंत प्रत्येक चेहरा पाहिला, आणि कोण कोणाचं कोण ते एकेकाचं विचारून घेतलं.